परगावच्या मातीत आपला माणूस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



आज मंडळाचा वाढदिवस. गाणी झाली, भेंड्या झाल्या, फराळाची ताटे आत मांडून तयार आहेत. अशा दिवशी थडग्यांच्या गोष्टी सांगणारी बाई कुणाला आवडेल? पण चिटणीसबाईंनी सांगितले की, "तुम्ही विलायतेला जाऊन आलात, तर तिथे पाहिलेले काहीतरी सांगा." मोठमोठे पूल, राजवाडे, दुकाने यांची चित्रे आपण सगळ्याच पाहतो. मला जे सांगावेसे वाटते, ते एका लहानशा खेड्यातल्या दफनभूमीत आहे. शिवाय आपण सातारकर. आपल्या जिल्ह्यात अशी आळी विरळा, जिथला कुणी पलटणीत गेला नाही. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे, असे समजून दहा-पंधरा मिनिटे ऐकून घ्यावे.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात साउथॅम्प्टन या बंदराच्या गावी नोकरीला आहे. भावजयीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे अडीच महिने राहिले. तिथून आगगाडीने थोडक्या वेळात ब्रोकनहर्स्ट नावाचे खेडे लागते. न्यू फॉरेस्ट म्हणून जे मोठे रान आहे, त्याच्या पोटात हे गाव. रानातली तट्टे रस्त्यावर मोकळी फिरतात आणि मोटारी त्यांच्यासाठी थांबतात. एके दिवशी भाऊ म्हणाला, "आक्का, तिथे आपल्याकडच्या एका माणसाचे थडगे आहे, चल." म्हणून मी, भाऊ आणि दहा वर्षांची भाची असे तिघे गेलो. मला इंग्रजी येते ते दुकानाची पाटी लावण्यापुरते. दगडांवरचे सगळे भाचीने वाचून दाखवले आणि भावाने अर्थ सांगितला.

प्रथम हे सांगते की, विलायतेतल्या खेड्यापाड्यांत लढाईत पडलेल्यांची थडगी का असतात. पहिल्या महायुद्धात, म्हणजे 1914 ते 1918 या काळात, फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेली माणसे बोटीने इंग्लंडात आणत. शहरांतली इस्पितळे पुरेनात, तेव्हा खेड्यांतले वाडे, हॉटेले, शाळा यांची इस्पितळे झाली. तिथे जो दगावला, त्याला जवळच्या देवळाच्या आवारात पुरले. देह मायदेशी पाठवायचा नाही, असा नियम ठरला होता. श्रीमंताने आपला मुलगा घरी न्यावा आणि गरिबाचा परक्या मातीत राहावा, असे होऊ नये हे त्या नियमाचे एक कारण होते. 1917 च्या मे महिन्यात या थडग्यांसाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिला आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणतात. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे सतरा लाख माणसांच्या स्मृतीची काळजी ही संस्था दीडशेहून अधिक देशांत घेते. नुसत्या विलायतेतच तिची थडगी बारा हजारांहून अधिक ठिकाणी विखुरलेली आहेत. कुठे शंभर, कुठे दहा, तर कुठे एखाद्या खेड्यात एकच.

या संस्थेने एक चांगला नियम केला. सेनापती असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. दोन फूट आठ इंच उंच, एक फूट तीन इंच रुंद. वर पलटणीचे चिन्ह, खाली नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख. घरच्यांची इच्छा असेल तर तळाशी त्यांचा एखादा शब्द कोरायचा, पण तोही सहासष्ट अक्षरांच्या आत. आईने लेकासाठी लिहायचे ते सहासष्ट अक्षरांत लिहायचे! मी मनाशी म्हटले, एवढ्यात काय मावणार? पण भाऊ म्हणाला की, न्यूझीलंड सरकारने तेवढेही नको म्हटले. सगळे सारखे, कुणाच्या दगडावर जास्त नाही आणि कुणाच्या कमी नाही.

न्यूझीलंडचे नाव काढले त्याला कारण आहे. ब्रोकनहर्स्टच्या दफनभूमीत सर्वांत जास्त थडगी न्यूझीलंडच्या शिपायांची आहेत, त्र्याण्णव. 1916 पासून 1919 च्या आरंभापर्यंत त्या गावात त्यांचे मोठे इस्पितळ होते आणि वीस हजारांवर माणसे तिथे उपचार घेऊन गेली. दगडांवर नेच्याचे पान कोरलेले, ते त्यांचे चिन्ह. पृथ्वीच्या अगदी दुसऱ्या टोकाची ही पोरे. त्यांच्या आयांना इथवर येऊन एक फूल वाहणेसुद्धा शक्य नव्हते. ते काम गाव करते. दरवर्षी एप्रिलच्या 25 तारखेजवळच्या रविवारी गावकरी तिथे जमून प्रार्थना करतात. 1915 साली त्याच तारखेला न्यूझीलंडचे आणि ऑस्ट्रेलियाचे सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले होते. शंभर वर्षे उलटून गेली, तरी हा परिपाठ चालू आहे. गावातल्या एका रस्त्याला ऑकलंडचे नाव आहे. आणि दुसऱ्या एका रस्त्याच्या पाटीवर भाचीने वाचले, "मीरत रोड." मी म्हटले, अगं नीट वाच. पण ते मीरतच होते.

कारण न्यूझीलंडवाल्यांच्या आधी त्या गावात आपली माणसे होती. 1914 च्या शरदात हिंदी पलटणी फ्रान्सात उतरल्या आणि विलायती थंडीत, चिखलाच्या चरांत लढू लागल्या. त्यांच्यातल्या जखमींसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे इस्पितळे निघाली. ब्रायटनला तर राजाचा जुना महालच इस्पितळासाठी दिला होता. तिथे धर्म आणि जात पाळता यावी म्हणून नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरे होती, आणि पाण्याचे नळही हिंदूंचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. ब्रोकनहर्स्टला जे इस्पितळ निघाले त्याला व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या पत्नीचे, लेडी हार्डिंग यांचे नाव होते. मीरतची आठवण त्याच दिवसांतली.

आता ज्याच्यासाठी मी उभी राहिले आहे त्या माणसाकडे येते.

त्या इस्पितळात सुखा नावाचा एक माणूस होता. त्याच्या हातात बंदूक नव्हती. तो झाडलोट करी, शौचकूप साफ करी, जखमी शिपायांची घाण उचलून नेई. त्या काळच्या भाषेत मेहतर. संयुक्त प्रांतात बरेली शहर आहे, तिथल्या गंगापूर मोहल्ल्यातला तो राहणारा. वय तीस. 1915 च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, त्याला न्यूमोनिया झाला आणि 12 जानेवारीला तो वारला.

बायांनो, माणूस मेला की घरात पहिला प्रश्न असतो, पुढची तयारी कशी. सुखाचा देह ठेवला आणि तोच प्रश्न उभा राहिला. हिंदूंनी सांगितले की, हा अस्पृश्य, आमच्यात याचे दहन होणार नाही. मग वोकिंग गावी मशीद आहे, तिथे विचारले. तिथून उत्तर आले की, हा मुसलमान नव्हे, आमच्या जागेत याला पुरता येणार नाही. ख्रिस्ती तर तो नव्हताच. ज्याने सगळ्यांची घाण उपसली, त्याला साडेतीन हात जागा कुठे मिळेना.

ही हकीकत ब्रोकनहर्स्टच्या धर्मोपदेशकाच्या कानी गेली. त्याने म्हटले की, हा माणूस आपल्यासाठी आला आणि आपल्यासाठी मेला, त्याला मी माझ्या देवळाच्या आवारात पुरीन. आणि पुरले. नुसते पुरले नाही, तर गावकऱ्यांनी त्याच्यावर दगड उभा केला.

तो दगड मी डोळ्यांनी पाहिला. सरकारी मापाचा नव्हे, गावाने घडवलेला, आणि मजकुराने भरलेला. भाची एकेक ओळ वाचत होती. त्यात सुखाचे नाव आहे, त्याचा मोहल्ला आहे, शहर आहे, प्रांत आहे. देश, घर आणि मित्र सोडून तो या लढाईत एक साधा सेवक म्हणून आला, हे आहे. तो धर्माने ख्रिस्ती नव्हता, हेही स्पष्ट लिहिले आहे. त्याला मेल्यावर ओढून आपल्यात घेतलेले नाही. पण त्याने हे आयुष्य दुसऱ्यांच्या भल्यासाठी खर्ची घातले, असे म्हटले आहे. सर्वांचा पिता देव एकच आहे, अशा अर्थाचे वचन आहे. आणि शेवटी, हा दगड ब्रोकनहर्स्टच्या गावकऱ्यांनी उभारला, एवढेच. कुणा एकाचे नाव नाही.

मी त्या दगडापुढे हात जोडले. तोंडात दुसरे काही येईना, तेव्हा रामरक्षा म्हटली. त्याला चालली असती की नाही कोण जाणे. भाचीने विचारले, "आत्या, हे आपले कोण?" मी म्हटले, "आपल्याकडचे पाहुणे, इथेच राहिले."

तेवढ्यात एक म्हातारी बाई वाकून दगडांच्या कडेचे वाळके गवत उपटत होती, ती आमच्याजवळ आली. भावाने तिला विचारले की, हे काम तुम्हाला कुणी नेमून दिले आहे का? ती म्हणाली, नेमून कशाला द्यायला हवे, वाटेवर आहे म्हणून करते. मला आपल्याकडच्या बायका आठवल्या. तुळशीला पाणी घालायला आपल्याला तरी कोण नेमते? त्याच आवारात, थोड्या अंतरावर, रानात साप धरून पोट भरणाऱ्या एका गरीब माणसाचेही थडगे आहे. तो 1905 साली वारला. त्याचाही दगड लोकांनी वर्गणी काढून केला आणि त्यावर तो आणि त्याचे साप कोरले. म्हणजे गरिबाचे नाव दगडावर घालण्याची त्या गावाला सवयच होती, असे म्हणायला हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, या बाईला विलायतेचा पुळका आला. तसे नव्हे. नीट ऐकावे.

ज्या साम्राज्यातल्या एका खेड्याने सुखाचा मोहल्ला सुद्धा दगडावर कोरला, त्याच साम्राज्याच्या सरकारने आपल्या हजारो माणसांची नावे कुठेच कोरली नाहीत. इराकात बसऱ्याचे मोठे स्मारक आहे, चाळीस हजारांहून अधिक माणसांचे. त्यावर गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. पण साध्या हिंदी शिपायांचे काय? पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. याच इराकात आपल्या मराठा पलटणी लढल्या. 103 वी, 110 वी, 117 वी, या तिन्ही कुट-अल-अमारा इथे वेढ्यात सापडल्या. 1915 च्या डिसेंबरापासून 1916 च्या एप्रिल अखेरपर्यंत उपासमार सोसून शेवटी त्यांना शरण जावे लागले. ज्या डिव्हिजनमध्ये त्या होत्या, तिचे नावच मुळी पुणे डिव्हिजन. त्याच देशात अमारा गावी हिंदी सैनिकांची एक दफनभूमी आहे. तिथे सुमारे पाच हजार माणसे आहेत आणि त्यांच्यापैकी नाव माहीत आहे ते नऊ जणांचे. पाच हजारांत नऊ! पुरताना कुणी धड नोंदच ठेवली नाही.

आणि हे मी पदरचे सांगत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये त्या कमिशननेच चौकशी करून अहवाल काढला. पंचेचाळीस ते चौपन्न हजार माणसांना, मुख्यतः हिंदी आणि आफ्रिकी, बरोबरीची वागणूक न देता स्मरले गेले. आणि निदान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, अशी आहेत की ज्यांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, किंवा मुळीच झाले नाही. "सगळे सारखे" हा नियम केला तो गोऱ्यांच्या बाबतीत पाळला, आपल्या बाबतीत पुष्कळदा मोडला. त्याबद्दल कमिशनने आणि ब्रिटिश सरकारने क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

आता यातली जी लाज आहे, तिचा वाटा आपल्याही पदरात आहे. सुखाला जागा नाकारली ती गोऱ्या सरकारने नव्हे. आपल्याच माणसांनी नाकारली. लढाईत रक्त एकत्र सांडले, पण चिता एकत्र नको. ब्रायटनजवळच्या टेकडीवर त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले. त्या जागी संगमरवराची छत्री 1921 साली उभी राहिली, आणि त्यांची नावे पुढे 2010 मध्ये शेजारच्या शिळेवर कोरली. म्हणजे दहनाची सोय विलायतेत होती. सुखासाठी ती नव्हती.

आपण वारकऱ्यांच्या देशातल्या बायका आहोत. चोखोबांची कथा आपल्याला कुणी सांगायला नको. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवराय त्यांच्या अस्थी शोधायला गेले. ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले, ती चोखोबांची, अशी ओळख पटवून त्यांनी ती पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. द्वारासमोर, आत नव्हे. आत जायला 1947 साल उजाडावे लागले, आणि साने गुरुजींना त्यासाठी दहा दिवस उपास करावा लागला. नामदेवांनी ढिगाऱ्यातून एका गरिबाची हाडे ओळखून काढली. ब्रोकनहर्स्टच्या त्या धर्मोपदेशकाने काही वेगळे केले असे मला वाटत नाही. दोघांनी एकच गोष्ट पाहिली. हा कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे नव्हे. तर हा आपल्या दारात पडलेला आहे, हे.

आता आपल्या घराकडे या.

आपल्या जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे. लोक त्याला "मिलिटरी अपशिंगे" म्हणतात, कारण घरोघर शिपाईगडी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे सेहेचाळीस जण कामास आले, त्यांचे स्मारक गावात आहे. असे दगड महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेपाशी, कुठे वेशीजवळ. त्यांच्यावर इंग्रजीत लिहिलेले असते की, या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक दगडांवर आकडेच. नावे नाहीत. चुना फासलेला, त्यावर निवडणुकीच्या पत्रकाची खळ. पोरे त्याला टेकून गोट्या खेळतात. खेळू देत बापडी, पण तो दगड कशाचा आहे ते तरी त्यांना ठाऊक असावे.

पुण्याला खडकीत मोठी युद्धस्मशानभूमी आहे, ती आपल्यापैकी काहीजणींनी आगगाडीच्या प्रवासात नावाने ऐकली असेल. तिथे दुसऱ्या महायुद्धातली 1,668 थडगी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जी थडगी इकडे तिकडे होती आणि जिथे त्यांची निगा राहणे कठीण होते, ती तिथे एकत्र आणली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेंहून अधिक सैनिकांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. त्यांतल्या 629 जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीच्या दफनभूमीतून 1962 च्या एप्रिलमध्ये तिथे आणले. विलायतेच्या आयांची ही मुले आपल्या पुण्यात निजली आहेत. तिथे माळी रोज हिरवळ कापतो, फुलझाडांना पाणी देतो. तो माळी आपल्यातलाच. म्हणजे तिकडची म्हातारी सुखाच्या बाजूचे गवत काढते आणि इकडचा आपला माणूस त्यांच्या लेकरांच्या डोक्याशी गुलाब लावतो. सरकारे भांडतात, क्षमा मागतात. पण मढ्याची माती जपायची ती शेवटी अशाच कुणाच्या तरी हातांनी.

आणि ज्यांना थडगेच नाही त्यांचे काय? आपल्या कोकणातले नाईक यशवंत घाडगे 1944 च्या जुलैत इटलीत एकट्याने शत्रूच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. वय अवघे बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांचे थडगे नाही. कसिनो इथल्या स्मारकावर नाव आहे, आणि माणगावला त्यांचा पुतळा आहे. देह राहिला नाही, पण नाव राहिले. तेवढ्याने त्यांच्या गावच्या लेकरांना ते आपले वाटतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, माणूस गेल्यावर त्याचे नाव आणि त्याचे गाव कुणीतरी सांभाळले पाहिजे. ते सांभाळायला पदवी लागत नाही, सत्ता लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. ब्रोकनहर्स्ट हे खेडेच आहे. आपली आळी त्याहून लहान नाही.

यासाठी मंडळाला मी तीन गोष्टी सुचवते. पटल्या तर घ्याव्यात.

पहिली. ज्या भगिनींच्या माहेरी किंवा सासरी असा महायुद्धाचा दगड आहे, त्यांनी येत्या सुटीत तो पाहून यावा, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणावा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतले मूल बरोबर न्यावे. मी तसेच केले, त्यात कमीपणा नाही. मग गावातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारावे की, यातले कोण कुठल्या घरचे. पुरुष कागद शोधतात. बायकांच्या लक्षात नाती राहतात. कुणाची आजेसासू तरुणपणीच एकटी झाली, कुणाच्या घरी एका चुलत्याचे पान वेगळे वाढत, कुठे पेन्शनीचे कागद अजून ट्रंकेत आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. कमिशनच्या नोंदींत पुष्कळ हिंदी सैनिकांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला सापडतो, काहींच्या पुढे तर बायकोचेही नाव. हल्ली या नोंदी घरबसल्या पाहता येतात. आपल्या मुलामुलींना हे काम सांगावे. आकड्याच्या जागी नाव आले, तर ती वही मंडळाच्या कपाटात ठेवू.

दुसरी. मंडळाची सहल आपण दरवर्षी देवदर्शनाला काढतो, ती काढावीच. पण एखाद्या वर्षी पुण्याला जाणे होईल तेव्हा वाट वाकडी करून खडकीला जावे. फुले न्यावीत. तिथे निजलेल्यांच्या आया येऊ शकल्या नाहीत, तर आपण जाऊ.

तिसरी गोष्ट सांगायला सोपी, करायला अवघड. सुखाला मरून शंभर वर्षे होऊन गेली, पण सुखाचे काम करणारी माणसे आपल्या आळीत आजही आहेत. पहाटे आपण सडा घालायच्या आधी रस्ता झाडून जाणारी बाई आपल्याला रोज दिसते. गटार तुंबले की तिच्या नवऱ्याला हाक जाते. तिचे नुसते नाव नव्हे, पुरते नाव, गाव, मुले किती, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल? तिच्या घरी कुणी गेले तर तिच्या दारात आपल्या आळीतली किती माणसे उभी राहतील? मला याचे उत्तर इथे नको आहे. जिने तिने आपल्या घरी जाऊन द्यावे. पण मंडळाच्या सभासदांच्या यादीत तिचे नाव असावे आणि पुढच्या वर्धापनदिनाला ती दाराशी उभी न राहता इथे सतरंजीवर आपल्या मांडीला मांडी लावून बसावी, अशी माझी सूचना आहे. ती मी लेखीही चिटणीसबाईंच्या हाती दिली आहे.

थडगे मेलेल्यासाठी असते असे म्हणतात. मला मात्र त्या दगडापुढे वाटले की, ते जिवंतांसाठी असते. आपण कुणाला आपले म्हटले आणि कुणाला नाही, याची ती लेखी नोंद आहे. ब्रोकनहर्स्टच्या लोकांची नोंद मी वाचून आले. आपली आपण लिहायची आहे.

फार वेळ घेतला. आत पोहे गार होत असतील. 

जय हिंद.